कादंबरीला मिळालेला डावा कौल

आमच्या गावात अजून सांगतात की माझ्या एका सोबत्याच्या कादंबरीला देवाने तीनदा डावा कौल, म्हणजे नकार, दिला आणि म्हणून ती पुरी झाली नाही. देवळात कुणी नवा माणूस आला की देव किती जागृत आहे हे पटवायला हीच गोष्ट निघते. मध्यंतरी माझ्या सुनेने ती तिच्या माहेरच्या माणसांना सांगितली. मी शेजारी चहा पीत बसलो होतो. चहा संपवून उठलो.

कौल तीनदा डावा झाला हे खरं आहे. पण तो देवाने दिला नव्हता, मी दिला होता. ते कसं झालं हे लिहून ठेवायचं म्हणून बसलो आहे. त्यासाठी आधी तो माणूस सांगावा लागेल.

तो गोव्यातल्या पेडण्याचा. मी साखळीजवळच्या एका गावचा. आमची गाठ पडली पाळी गावाच्या बाजूला एका लोहखनिजाच्या खाणीवर. तो वजनकाट्यावर कारकून होता, मी त्याच केबिनीत ट्रकांच्या पावत्या लिहायचो. अंगाने सडपातळ, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, आणि खिशात पेनाबरोबर एक चमचा. चमचा कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "भूक सांगून येता काय रे?"

घरी जायला त्याला पेडण्यापर्यंत तीन बस कराव्या लागत. डिचोलीला एक बदलायची, म्हापशाला दुसरी. खिडकीशी बसून तो गोष्टी जुळवायचा आणि उतरायचं विसरायचा. कितीतरी वेळा म्हापसा सोडून भलतीकडे पोचला असेल. सकाळी उशिरा आला की मॅनेजर विचारायचा, "कुठे होता?" हा शांतपणे म्हणायचा, "वाटेर."

प्रत्येक गोष्टीला त्याला देवाचा कौल लागायचा. स्कूटर घ्यावी का, चष्मा बदलावा का, मुलीला पणजीच्या कॉलेजात घालावी का. स्कूटरला उजवा कौल मिळाला तरी त्याने ती घेतली नाही. म्हणाला, "देवान हरकत ना म्हणलें, घे म्हणूंक ना."

मग खाणी बंद झाल्या. बाकीच्यांना घरी पाठवलं, आम्हा दोघांना ठेवलं, अर्ध्या पगारावर, राखण केल्यासारखं. एकेकाळी त्या रस्त्यावर टिपर ट्रकांची रांग तुटत नसे आणि झाडांची पानंसुद्धा लाल असायची. आता पाऊस सगळं धुऊन गेला, झाडं हिरवी झाली, खड्ड्यात पाणी साचून त्याचं तळं झालं. आम्ही केबिनीत बसायचो. काटा चालू ठेवायचा हुकूम होता, पण वजन करायला काही नव्हतं. तो त्यावर गुरं चढवायचा. कधी स्वतः जाऊन उभा राहायचा आणि मला ओरडून विचारायचा, "कितें दाखयता?"

"कांयच ना," मी आतून सांगायचो. ट्रकांचा काटा तो, एका माणसाला काय मोजणार.

"बरें," तो म्हणायचा आणि खूश होऊन परत यायचा.

त्या रिकाम्या दिवसांत त्याने कादंबरी लिहायला घेतली. कागद होतेच, जुन्या कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे. त्यांच्या पाठीवर लिहायचा. विषय त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितला. आमच्या भागात पोर्तुगीजांविरुद्ध उठलेला एक सरदार होता. तहाची बोलणी करायला म्हणून त्याला नदीवर बोलावलं आणि काठावरच गोळी घालून मारलं. पुस्तकांत त्याचं नाव आहे. मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घराण्यातली माणसं आजही आमच्या देवळात पहिला नारळ ठेवतात. तर आजच्या काळातला एक माणूस मागे त्या काळात जातो आणि सरदाराचा खून टाळायला बघतो, अशी ही कादंबरी.

"वतलो कसो फाटीं?" मी विचारलं. "यंत्र आसा काय?"

"यंत्राक डिझेल कोण दितलो? हें पळय," त्याने खिडकीतून खड्ड्याकडे बोट केलं. "वयर तांबडी माती, तिच्या सकयल जुनी, तिच्या सकयल आनीक जुनी. माणूस जितलो सकयल वता तितलो काळ फाटीं वता. ड्रायव्हर टिपरासकट पडलो उदकांत. भायर सरता तो सरदाराच्या काळांत."

खड्ड्यातल्या पाण्यात टिपरासकट बुडून सरदाराच्या काळात वर निघणारा हा ड्रायव्हर सावंतवाडीकडचा होता, कारण आमच्या खाणीवर बहुतेक ड्रायव्हर तिकडचेच असत. त्यांतला एक अजून गावात राहिला होता, तो अधूनमधून केबिनीत यायचा. त्याला ही गोष्ट ऐकवली तेव्हा त्याने एकच शंका काढली. "काका, थंय माझां लायसन चालतलां मां?"

हा विचारात पडला आणि दोन दिवस लिहिलं नाही.

त्याचं लिहिणं असंच अडायचं. ड्रायव्हर त्या काळात पोचला आणि त्याला भूक लागली, तर तो काय खाईल यावर आठवडा गेला. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत, उंडे म्हणजे गोल पाव विकत पाववाला यायचा. त्याला याने थांबवलं. "सरदाराच्या वेळार उंडे आशिल्ले काय रे?"

"माका कितें विचारतां?" पाववाला म्हणाला. "म्हज्या आज्याचो आजोय जल्मूंक नाशिल्लो तेन्ना. घेतां तर घेयात, लोक वाट पळयतात."

शेवटी ड्रायव्हरला त्याने पेज आणि सुका बांगडा दिला. पण दुसऱ्या दिवशी, गोष्टीतला तो वार सोमवार असल्याचं लक्षात आल्यावर बांगडा काढून टाकला. "तो सोमवार पाळटा," मला म्हणाला. आपण निर्माण केलेल्या माणसाबद्दल तो असं बोलायचा, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. एकदा मी विचारलं, आज लिहीत का नाहीस. म्हणाला, "ड्रायव्हराक ताप आयला. न्हिदूं दी."

मला हे सगळं आवडायचं. दुपारी तो वाचून दाखवायचा आणि मी ऐकायचो. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. आमच्या नद्या, आमची पोफळीची कुळागरं, होडीत बसताना खोताला घातलेली शिवी, सगळं त्याने नेमकं धरलं होतं. मी म्हणालो, "छापून घे हें." तो म्हणाला, "सोंपूं दी पयली."

मग एके दिवशी त्याने गुरवाचा भाग वाचला.

इथे मला थोडं स्वतःविषयी सांगावं लागेल. आम्ही गुरव. गावच्या देवळात आमच्या घराला पूजेचे महिने आहेत, आणि कौल लावायचं कामही आमच्याकडे आहे. कौल म्हणजे असं, की पिटकुळीच्या लाल फुलांच्या ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवायच्या. प्रश्न विचारायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. आधी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नोकरी खाणीवर असली तरी आमच्या पाळीच्या महिन्यांत पहाटे पूजा करून मी कामावर जायचो आणि कौल रविवारी लावायचो.

त्याने वाचलेल्या भागात सरदार तहाला जावं की नाही हे विचारायला देवळात येतो. गुरव पाकळ्या लावतो. उजवी पडते. सरदार निश्चिंत होऊन नदीवर जातो. गुरवाला आधीच कुणीतरी फितवलेलं असतं, पाकळी त्याने पाडलेली असते. ड्रायव्हरला हे ठाऊक असतं. आता त्याने देवळात वेळेत पोचायचं आणि गुरवाला अडवायचं, एवढंच कादंबरीचं शेवटचं काम राहिलं होतं.

"खंयचें देवूळ हें?" मी विचारलं.

"तुमचें," तो म्हणाला. "दुसरें खंयचें आसतलें? सरदार तुमच्याच देवळांत आयिल्लो. सगळ्यांक खबर आसा."

सगळ्यांना ठाऊक होतं, हे खरं आहे. कौल उजवा झाला होता एवढं गाव सांगायचं आणि पुढे देवाची इच्छा म्हणून गप्प बसायचं. गुरवाचं नाव कुणी काढत नसे. आम्हाला नदीच्या बाजूला एक कुळागर आहे, पोफळीचं, बारमाही पाण्याचं. ते आमच्या पूर्वजाला कुणी दिलं आणि कशाबद्दल दिलं, याची चौकशी करायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

मी म्हणालो, "गुरवाक कित्याक हाडटा मदीं? दुसरो कोणूय घाल. एक सोयरो, एक शिपाय."

"मागीर कौल कोण लायतलो? शिपाय?"

"लोक कितें म्हणटले?"

त्याने पावत्यांचा गठ्ठा गुडघ्यावर आपटून सारखा केला. "तुका लागता काय रे हें?"

"माका कित्याक लागतलें," मी म्हणालो.

त्याने गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बरें तर. देवाक विचारुंया. देव ना म्हणलो तर सोडटां."

मी त्याला रविवारी यायला सांगितलं. पुढच्या रविवारी तो तीन बस करून आमच्या गावी आला. आंघोळ करून, धोतर नेसून, हातात नारळ आणि केळी. देवळात आठ-दहा माणसं होती, सणाच्या तयारीला आलेली. त्यांच्यादेखत मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हो तुजो लेकरू पेडण्यासावन आयला, एक पुस्तक बरयता, तें ताणें पुराय करचें काय ना, तूं सांग म्हाराजा." माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आमच्या घरात एक गोष्ट बापाकडून मुलाला सांगितली जाते, ती मला माझ्या वडिलांनी सांगितली होती. लिहायला हात अडखळतो, पण लिहिल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. पाकळी साध्या पाण्याने लावली की वाळते आणि पडते, कुठली आधी ते कुणाच्या हातात नसतं. पण बोटाला थोडं चंदनाचं गंध असलं, तर ती बाजू धरून ठेवते. मग दुसरी बाजू आधी सुटते. वडील म्हणाले होते, "हें वापरपाचें न्हय. खबर आसची म्हणून सांगतां." मीही तोवर कधी वापरलं नव्हतं.

त्या रविवारी उजव्या बाजूला बोटाला गंध होतं. डावी पाकळी पडली. माणसं चुकचुकली. त्याने देवाला साष्टांग नमस्कार घातला, माझ्याकडून प्रसाद घेतला आणि बस पकडायला गेला. मी पायऱ्यांवरून त्याला जाताना बघितलं. खूप हलकं वाटलं मला. ते इथे लिहिणं आवश्यक आहे. वाईट वाटलं ते नंतर.

सोमवारी तो नेहमीसारखा आला. कादंबरीचं नाव काढलं नाही. कुत्र्याला काट्यावर चढवायचा प्रयत्न केला, कुत्रं चावलं. बाकी वर्षभर तो लिहीत होता, पण देवाने पुरी करू नको म्हटलं होतं म्हणून शेवटाच्या अलीकडचंच. ड्रायव्हर देवळाकडे निघायचा आणि वाटेत काहीतरी व्हायचं. नदीला पूर यायचा. पायाला काटा लागायचा. एकदा तर लग्नाच्या जेवणाला थांबवून घेतलं त्याला.

"पावता केन्ना हो देवळांत?" मी न राहवून विचारलं.

"तूं सांग," तो म्हणाला.

वर्षाने पुन्हा आला कौलाला. या वेळी प्रश्न बदलला होता. पुस्तक नको, ड्रायव्हरला देवळात पाय ठेवू द्यावा का, एवढंच. देवळातल्या एका म्हाताऱ्याला हसू आलं, "देवाक वाचपाक दी मरे एकदां, विचारून हैराण करता." मी गंध वापरलं. डावा.

तिसऱ्या वेळी प्रश्न आणखी लहान होता. ड्रायव्हरने गुरवाशी एक शब्द बोलावा का. मला आठवतं, त्या दिवशी मी हात धुऊन आत गेलो होतो. गंधाची वाटी नेहमीच्या जागी होती. तो गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला होता, बाकीचे मागे होते. माझ्या हाताकडे बघत उभा होता. मला वाटलं, भक्तीने बघतोय. डावा कौल झाला.

तेव्हापासून ही गोष्ट गावाची झाली. देवाला ती कादंबरी नको होती. देवाने सरदाराला बोलावून घेतलं होतं, त्यात माणसाने ढवळाढवळ करायची नाही. एका कीर्तनकारानेही सांगितली, त्यात थोडी भर घालून. मी गाभाऱ्यात समया पुसत ऐकली.

पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो. मी पेडण्याला क्वचितच जायचो. त्याला छातीचं दुखणं झालं, हिंडणं बंद झालं, म्हणून एका दुपारी गेलो. सोप्यावर आरामखुर्चीत बसला होता. चमचा खिशात होता. मुलीने मला चहा आणि बांगडीच्या आकाराच्या कडक पावाची काकणं दिली. ही त्याची एकुलती एक, पेडण्यातच शाळेत शिकवते. ती आत गेली. तो म्हणाला, "गुरवा, हात दाखय."

मी हात पुढे केला. त्याने माझं बोट धरून उलटसुलट करून पाहिलं, ज्योतिषी बघतो तसं.

"हेंच बोट न्हय रे? गंधाचें?"

चहाचा कप माझ्या दुसऱ्या हातात होता. तो खाली ठेवावा की नाही हे मला कळेना.

"केन्ना कळ्ळें तुका?" मी विचारलं.

"पयलेच खेपेक. तुजो हात उदकांत गेलो आनी मागीर गंधाच्या वाटयेंत गेलो. कादंबरेंत तेंच बरोवपाचें आशिल्लें माका, तो गुरव कसो करता तें. मेळ्ळें."

"मागीर परत कित्याक आयलो?"

"दुसरे खेपेक तूं साद्या उदकान लायशी अशी आशा आशिल्ली."

"आनी तिसरे?"

"तिसरे खेपेकय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "ड्रायव्हर दीडशें वर्सां फाटीं वचून त्या गुरवाक थांबयतलो म्हण हांव बरयतालों. आनी हांगा हांव तुज्या म्होरां, हातभर अंतरार उबो. म्हजे खातीर तूं थांबलो ना. मागीर ड्रायव्हर कितें थांबयतलो रे? खोटेंच बरोवपाचें?"

मी म्हणालो, "सांगलें कित्याक ना?"

"सांगून थांबिल्लो तर तो हांवें थांबयिल्लो जातलो. तो गुरव आपल्याच मनान थांबपाक जाय आशिल्लो." मग त्याने माझा हात सोडला. "काकण खा. ती रागावता उरलें तर."

मी काकण खाल्लं. तोही चहात बुडवून खात राहिला. त्यानंतर आम्ही खाणी परत सुरू होणार का यावर बोललो, बराच वेळ. मी माफी मागितली नाही. शब्द होते, पण त्याने ते ठेवायला जागाच दिली नाही, किंवा मी तसं म्हणतो आहे. निघताना त्याने मुलीला हाक मारली, "काकाक बसस्टॉपामेरेन पावय गो." त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर तो गेला.

गेल्या महिन्यात रविवारी ती मुलगी आमच्या देवळात आली. बापासारखीच नारळ आणि केळी घेऊन. आता पूजा माझा मुलगा करतो, मी मंडपात बसून असतो. सोबत गावची चार-पाच माणसं होती. तिने पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला, वर लाल माती अजून लागलेली.

"काका, बाबांची कादंबरी. शेवट ना हिका. अशीच अर्दी छापची काय ना, कळना. देवाक विचारया म्हणून आयलें."

एक जण लगेच म्हणाला, "बाय, देवान तीन फावट ना म्हणलां हिका. तुज्या बापायक विचारिल्लें तर सांगिल्लें ताणें."

माझा मुलगा ताम्हणात पाकळ्या घेऊन आत निघाला होता. मी त्याला थांबवलं. गंधाची वाटी कुठली आहे विचारलं. त्याने दाखवली. मी म्हणालो, ती बाहेर आण. मग मंडपात, त्या माणसांसमोर आणि मुलासमोर, वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. गंध, बोट, तीन रविवार, आणि माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं. जी युक्ती आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त ठाऊक असावी म्हणून सांगितली जाते, ती कुणीतरी पहिल्यांदा वापरली असणारच, हेही सांगितलं. आमच्यावरचा तो आरोप दडपायला मी तिन्ही वेळा तेच केलं, जे त्याने कादंबरीत लिहिलं होतं.  मुलाने वाटी माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आमची सेवा राहील की जाईल ते देवळाचे महाजन ठरवतील, बैठक अजून व्हायची आहे. सून माझ्याशी बोलत नाही.

त्या दिवशी मंडपात मुलगी गठ्ठ्यावरून हात फिरवत बसली होती. तिने विचारलं, "मागीर शेवट कितें करूं, काका?"

"ड्रायव्हराक घरा धाड," मी म्हणालो. "ताका हांगा काम ना. सरदार देवळांत येता. गुरव हात धुता, वाटी दूर करता, भायर येता आनी सांगता, म्हाराजा, तहाक वचूं नाकात."

ती माझ्या हाताकडे बघत होती, तिचा बाप बघायचा तशी.

"तो गुरव खरें उलयतलो काय पूण?"

"वेळ लागलो ताका," मी म्हणालो. "पूण खरें उलयलो म्हण बरय."